इटालियन वाटणारं नाव

अण्णा,

खारघरचं दुकान सुरू होऊन आता महिना होत आला. वाशीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, तेव्हा गाळा सोडावाच लागला. नवी जागा मोठी आहे, उंच छताची, समोर मेट्रो जाते. तुम्हाला आवडली असती की नाही हे मला सांगता येत नाही. तुम्हाला जास्त उजेड चालायचा नाही, कापडाचा रंग खोटा दिसतो म्हणायचात, आणि इथे तर उजेडच उजेड आहे. दुकान सजवायला एका एजन्सीची मुलगी यायची. हुशार पोरगी, कामाला चोख. उघडायच्या काही दिवस आधी ती म्हणाली, "मॅडम, आत शिरल्यावर जी भिंत आहे ना, तिथे फाउंडरची स्टोरी टाकू. सर कुठून आले, सुरुवात कशी केली, स्ट्रगल वगैरे. लोकांना हेरिटेज आवडतं. दोन छोटे पॅराग्राफ द्या मला." मी बरं म्हटलं आणि लिहायला बसले. तुमचं नाव लिहिलं, आडनावासकट, आणि तिथेच थांबले. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे.

तुम्ही वाशीला दुकान काढलंत तेव्हा मी शाळेत होते. निम्मे गाळे बंद असायचे, संध्याकाळ झाली की खाडीचा वास यायचा. आपल्या एका बाजूला स्टेशनरीवाला आणि दुसऱ्या बाजूला पिठाची गिरणी. त्या दोघांच्या मध्ये तुमची ती मोठी काच, आत मरून गालिचा, आणि काचेत बिनडोक्याचा पुतळा, अंगात राखाडी थ्री-पीस. गिरणीतलं पीठ उडून काचेवर बसायचं आणि तुम्ही दिवसभर ते पुसत राहायचात. लोक दारापर्यंत यायचे, आत बघायचे, चप्पल काढावी की नाही या विचारात पडायचे आणि परत जायचे. नातेवाईक म्हणायचे, फोर्टातल्या चांगल्या दुकानातली नोकरी सोडून हा माणूस चिखलात सूट विकायला गेला. घर चालत होतं ते आईच्या नर्सच्या पगारावर. आपण तेव्हा घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहायचो, आणि मला त्या खोलीची नाही पण दुकानाची लाज वाटायची, कारण माझ्या वर्गातल्या कुणाच्याही वडिलांचं दुकान इतकं रिकामं नव्हतं.

तुम्ही मात्र रिकाम्या दुकानातही भरलेल्या दुकानासारखे वागायचात. सकाळी सगळे कोट ब्रशने झाडायचे, बटणं बंद करायची, ट्रायलरूमचा आरसा पुसायचा. स्वतःच्या अंगावर कायम पांढरा हाफ शर्ट आणि करडी पँट. मी एकदा विचारलं होतं की तुम्ही का नाही घालत सूट. तुम्ही म्हणालात, गिऱ्हाइकाला आरशात त्याच्यापेक्षा भारी माणूस मागे उभा दिसला, तर तो कोट कसा घेईल. गिऱ्हाइकाशी तुम्ही नेहमी आरशातूनच बोलायचात. त्याच्या डाव्या खांद्यामागे उभं राहायचं, तोंडावर बघायचं नाही, आरशातल्या त्याच्याकडे बघायचं आणि गप्प बसायचं. कौतुक करायचं नाही. माणूस स्वतःच पाठ ताठ करतो, मग थोडासा तिरका उभा राहतो, मग हळूच पोट आत घेतो. पोट आत घेतलं की कोट विकला गेला, असं तुम्ही घरी आल्यावर सांगायचात आणि आई हसायची.

पहिला मोठा कोट तुम्ही शिवलात तो आपल्या घरमालकाचा. काळासावळा, दणकट आगरी माणूस. त्यांची भाताची जमीन शहरात गेली होती आणि त्यांनी गावठाणात खोल्या बांधून भाड्याने दिल्या होत्या. पुतणीच्या लग्नाआधी ते दुकानात आले. मी शाळेतून तिथेच आले होते, कोपऱ्यात अभ्यास करत होते. ते गालिच्याच्या कडेला उभे राहून म्हणाले, "मना असा कोट पायजे का हलदीला सगली मानसा माज्याकरं बगली पायजेत."

"कोट हळदीला नका घालू," तुम्ही म्हणालात. "डाग पडतील. लग्नाला घाला."

"नाय. लग्नाला कोन बगतंय, तवा सगली नवरीला बगतान. हलदीलाच पायजे." मग जरा थांबून म्हणाले, "आमची जमीन गेली तवा ही वाशी झाली. वाशीन शिवलेला कोट आमच्या अंगाव नको का?"

तुम्ही एका शब्दानंही वाद घातला नाहीत. त्यांना गडद निळं कापड दाखवलंत. कटिंग करणारे मास्टर आतून कुरकुरले की ऐसे आदमी को इतना महंगा कपडा क्यों, आणि तुम्ही त्यांच्याकडे असं बघितलंत की ते पुन्हा कधी कुठल्याच गिऱ्हाइकाबद्दल तसं बोलले नाहीत. हळदीला तो कोट खरंच सगळ्यांनी पाहिला. पुढच्या लग्नसराईत घणसोलीतून, मग तुर्भ्यातून, मग पार उरणकडून माणसं आली. पीठ अजून काचेवर बसत होतं, पण आता पुसायला एक माणूस ठेवावा लागला.

मग महापे, ऐरोलीकडे मोठी ऑफिसं आली, टाय लावणारी तरुण मुलं आली, पामबीचवर टॉवर उभे राहिले. तुम्ही इंग्लंडहून लोकर मागवायला लागलात, इटलीचं लिनन ठेवायला लागलात. गिरणीवाल्यानं गाळा विकला, तो तुम्ही घेतलात. पुलापलीकडून, अगदी मलबार हिलवरून गाड्या यायला लागल्या, आणि ड्रायव्हर बाहेर थांबायचे. पेपरच्या पुरवणीत एकदा दुकानाचा फोटो छापून आला. फोटोत पुतळा होता, गालिचा होता, मास्टर होते. तुम्ही नव्हता. तुम्ही म्हणालात की तेव्हा तुम्ही बँकेत गेला होतात. आई म्हणाली, तुम्ही मागच्या खोलीत होतात.

मला त्याचा अर्थ कॉलेजात गेल्यावर कळला. एका मैत्रिणीनं विचारलं, तुझे बाबा काय करतात. मी दुकानाचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "चल, ते तर कुणा पारशाचं आहे ना? की इटालियन?" ते नाव तुम्ही स्वतः बनवलेलं होतं. ऐकायला गोड, शेवटी ओ, आणि कुठल्याच भाषेत त्याला काही अर्थ नव्हता. कुणी विचारलं तर तुम्ही दर वेळी वेगळं काहीतरी सांगायचात. मी त्या वर्षी विहारातल्या अभ्यासवर्गाला जायला लागले होते. वाचत होते, भाषणं ऐकत होते, डोक्यात खूप काही भरलं होतं. घरी आले. आई ओट्याशी सुके बोंबील परतत होती, तुम्ही खाली ताटावर बसला होता. माझी पर्सही अजून खांद्यावर होती.

"अण्णा, बोर्डावर आपलं नाव का नाही?"

"दुकानाला नाव आहे की."

"आपलं. आपलं आडनाव. मेहता लावतात, शहा लावतात, गोडबोले लावतात. तुम्ही का लपता?"

आईनं गॅस बारीक केला. तुम्ही ताट सरकवलं नाहीत, रागावला असतात तर सरकवलं असतंत. घास संपवलात, पाणी प्यालात. मग म्हणालात, "बोर्डावर माणसाचं नाव असलं की गिऱ्हाईक आधी नाव वाचतं, मग ठरवतं आत यायचं की नाही. मला ते आधी आत यायला हवं असतं."

"आणि आत आल्यावर सांगता?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "माप घेताना मी काय म्हणतो? हात वर करा म्हणतो. आणि तो करतो. कुणी का असेना, कुठल्या का घरातला. माझ्यासमोर हात वर करून उभा राहतो आणि मी टेप फिरवतो. तुझ्या आज्यानं गावात कुणालाही काहीही कर म्हणून सांगितलं नाही. त्याला फक्त बाजूला हो म्हणून सांगायचे. तुला नावाचं पडलंय, बाय, कारण तुला ते फुकट मिळालंय."

फुकट हा शब्द मला इतका लागला की मी त्या दिवशी जेवले नाही. पुढे कित्येक महिने मी दुकानात पाऊल टाकलं नाही. तुमचं बरोबर होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि खरं सांगू का, आजही पूर्ण वाटत नाही. समोरचा हात वर करतो ते त्याला तुम्ही कोण हे माहीत नसतं म्हणून. माहीत झाल्यावर केला तर ते खरं, असं मी मनात कितीदा तरी तुम्हाला उत्तर दिलं. तोंडावर एकदाही नाही.

तुम्ही समेट केलात तो तुमच्या पद्धतीनं. मला बँकेच्या इंटरव्ह्यूचं पत्र आलं, त्यानंतर दोन-चार दिवसांनी तुम्ही आईला टेप दिलात आणि तिला माझं माप घ्यायला सांगितलंत, स्वतः आमच्याकडे पाठ करून उभे राहिलात आणि "खांद्याला अर्धा इंच कमी धर, ती खांदे वर करून उभी आहे" असं न बघता म्हणालात. आपल्या दुकानात बाईचा कपडा तोवर कधी शिवला गेला नव्हता. मास्टर म्हणाले, लेडीज़ का अपने को नहीं आता सेठ. तुम्ही म्हणालात, मलाही नाही येत, दोघं मिळून करू. तो नेव्ही ब्लेझर तीनदा उसवला गेला. इंटरव्ह्यूच्या सकाळी मी तो घालून आरशासमोर उभी राहिले, तेव्हा तुम्ही माझ्या डाव्या खांद्यामागे येऊन उभे राहिलात आणि गप्प बसलात. मी पाठ ताठ केली. नोकरी मिळाली.

बँकेत मी आठ-नऊ वर्षं काढली. मग तुमची बायपास झाली, डॉक्टरांनी उभं राहायचं कमी करा म्हटलं, आणि दुकान म्हणजे तर सगळं उभं राहायचंच काम. मी नोकरी सोडली. तुम्ही सोडू नको म्हणालात, पण दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी काउंटरवर वेगळा ड्रॉवर रिकामा करून ठेवलेला होता. तुम्ही खुर्चीवर बसून मला शिकवलंत. कापड बोटांत कसं धरायचं, लोकर मुठीत दाबून सोडली की सुरकुती किती वेळ राहते, माणसाचा एक खांदा नेहमी खाली असतो तो कसा ओळखायचा आणि त्याला न सांगता आतून भर कशी घालायची. पुरुषाचं माप बाईनं घ्यायचं म्हणजे काय, याबद्दल तुम्ही एवढंच बोललात की नजर टेपवर ठेव, टेप अंगाला लागू दे, बोटं लागू देऊ नको, आणि घाई करू नको. घाई केलीस तर त्याला वाटेल काहीतरी चुकीचं चाललंय. बहुतेक लोक पहिल्यांदा दचकायचे, मग सवयीचे व्हायचे. काही जण तर नंतर मुद्दाम मीच हवी म्हणायला लागले, कारण मी छातीचा आकडा मोठ्यानं बोलत नाही.

मग एक दिवस नेरुळचे एक गृहस्थ आले. मोठं घराणं, बांधकामाचा व्यवसाय, धाकट्या मुलाचं लग्न. घरातल्या सगळ्या पुरुषांचे कपडे करायचे होते, त्या सीझनचं सगळ्यात मोठं काम. मुलं, जावई, भाऊ, सगळे सोफ्यावर. कापडं निवडून झाली, चहा झाला. मी टेप घेऊन वडिलांसमोर उभी राहिले तसे ते मागे सरकले. वाईट माणूस नव्हता. चेहऱ्यावर संकोच होता. हसून म्हणाले, "मॅडम, जेन्ट्स कोणी नाही का?"

मी लगेच आपल्या सेल्समनकडे वळले. मला खरंच काही वाटलं नव्हतं, उलट सुटल्यासारखं झालं. पण तुम्ही खुर्चीवरून म्हणालात, "आमच्याकडे माप हीच घेते."

"मग तुम्ही घ्या ना शेठ. तुमच्या हातून बरं वाटेल."

"माझा हात चालत नाही आता."

तुमचा हात चालत होता. सकाळीच तुम्ही एक बाही उसवून पुन्हा लावली होती. त्या गृहस्थांनी सेल्समनकडे बोट केलं. त्याच्या गळ्यात टेप लटकत होता. "आणि हे?"

"तो पँटी दुमडतो," तुम्ही म्हणालात.

मी तुम्हाला डोळ्यांनी विनवत होते. तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हता, तुम्ही आरशात बघत होता, आरशातल्या त्या गृहस्थांकडे. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे शेठ, आम्ही मग येतो," आणि सगळे उठले. जाताना त्यांनी चहाबद्दल आभार मानले. मग ते आले नाहीत. त्यांचे कपडे पुलापलीकडे कुठेतरी झाले. सेल्समन चार दिवस माझ्याशी नाही, तुमच्याशी बोलत नव्हता. मास्टर म्हणाले, उमर हो गई सेठ की.

दुपारी मागच्या खोलीत आपण डबा उघडला. मला राग आला होता. मी म्हटलं, "अण्णा, कशाला? सेल्समननं माप घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? मला काहीसुद्धा वाटलं नसतं."

तुम्ही भाकरी मोडत होता. "मलाही तेव्हा काही वाटलं नव्हतं," तुम्ही म्हणालात. "वाटायला वेळ लागतो."

आणि मग तुम्ही फोर्टातली एक गोष्ट सांगितलीत, मला माहीत नसलेली. तिथे तुम्ही पॅकिंगपासून सुरुवात करून काउंटरवर आला होता, शेठचा तुमच्यावर जीव होता. एक दिवस एक वकील आले. तुम्ही त्यांच्या खांद्याचं माप घेतलंत आणि आकडा लिहिणाऱ्याला ओरडून सांगितलात. तुमच्या बोलण्यातला कोकणी हेल त्यांना ऐकू आला. त्यांनी आपुलकीनं विचारलं, कुठले तुम्ही. तुम्ही गाव सांगितलंत. ते शेजारच्याच गावचे निघाले. खूश झाले. म्हणाले, अरे वा, कोणाचे? तुम्ही आडनाव सांगितलंत, वाडी सांगितलीत. तुम्हाला वाटलं गावचा माणूस भेटला.

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. हात खाली केला त्यांनी. शेठकडे वळून म्हणाले, समवन एल्स, प्लीज."

"आणि तुम्ही?"

"टेप दिला दुसऱ्याला." तुम्ही भाजीत भाकरी बुडवलीत, पण खाल्ली नाहीत. "शिवी दिली असती तर मी काहीतरी बोललो असतो गो. प्लीज म्हणाला. प्लीजला काय उत्तर द्यायचं, ते मला सुचलं नाही. शेठ चांगला माणूस होता. त्यानं मला त्या दिवशी लवकर घरी सोडलं."

मी कॉलेजातला तो प्रश्न पुन्हा विचारला, पण या वेळी हळू. "म्हणून बोर्डावर नाव नाही लावलंत?"

"तेव्हा भीती होती," तुम्ही म्हणालात. "आता सवय आहे. दोन्हींत फरक काय तो मलाही नाही कळत." आणि मग डबा झाकून विचारलंत की त्या निळ्या लोकरीचं ठाण परत जागेवर ठेवलं का.

त्यानंतर आपल्याला फार दिवस मिळाले नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा आईनं हॉस्पिटलातच मला सांगितलं, सूट-बीट काही आणू नको, रोजचाच शर्ट आण. तुमच्या पुण्यानुमोदनाला जुने घरमालक आले होते. पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीत ते एकटे गडद निळ्या कोटात, भर उन्हात. पोटावर बटण लागत नव्हतं, बाहीवर हळदीचा फिकट डाग होता. माझ्यापाशी आले, घाम पुसला आणि म्हणाले, "दुसरा काय घालनार होतू मी." मी तेव्हा पहिल्यांदा रडले.

बाकी दुकानाचं सांगायचं तर मॉल आले, मोठमोठे ब्रँड आले, दोन वर्षं अशी गेली की मी गाळा विकायच्या गोष्टी करत होते. मग हळूहळू लोक परत आले. तयार कोट बहुतेकांच्या एका खांद्यावर बसतो, दुसऱ्यावर बसत नाही. मास्टर गावी गेले, त्यांचा पुतण्या आता कटिंग करतो. सेल्समन मॅनेजर झाला आहे, आणि पँटी दुमडतो ही गोष्ट नव्या पोरांना स्वतःच हसत सांगतो.

तर ती भिंत. एजन्सीच्या मुलीला मी शेवटी चार ओळी दिल्या. तुमचं नाव, गाव, फोर्टातलं दुकान, मग वाशी. ती म्हणाली, "मॅडम, स्ट्रगल?" मी म्हटलं, तो नको. मग तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवला आणि अगदी निष्पापपणे म्हणाली, "फुल नेम लांब होतंय. इनिशियल्स टाकले तर लेआउट क्लासी दिसेल." खरंच चांगलं दिसत होतं. तीन अक्षरं, मध्ये टिंब, सोनेरी. कुणालाही काहीही कळलं नसतं आणि कुणीही मला काही विचारलं नसतं.

मी तिला दुसऱ्या दिवशी सांगते म्हटलं आणि घरी जाऊन आईला विचारलं. आई आता खारघरलाच माझ्याजवळ असते, ऐकायला कमी येतं, गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, पण बाकी ठणठणीत आहे. ती म्हणाली, "त्यांनी नको म्हटलेलं."

"माहीत आहे. म्हणून तर विचारते."

तिनं जरा विचार केला. "लाव. पण मग त्यांनी लावलं, त्यांची इच्छा होती, असं लोकांना सांगत फिरू नको. त्यांची नव्हती. तुझी आहे. तुझी म्हणून लाव."

मी मुलीला सांगितलं, पूर्ण नाव ठेव. अक्षर बारीक कर हवं तर, पण पूर्ण. बाहेरचा बोर्ड मात्र तोच आहे, शेवटी ओ असलेला. लोक त्याच नावानं आपल्याला ओळखतात, आणि ते नावही तुम्हीच घडवलेलं आहे, कुणाकडून घेतलेलं नाही. उद्घाटनाच्या दिवशी आईला व्हीलचेअरवरून आणलं. तिनं भिंतीसमोर खुर्ची थांबवायला सांगितली, वाचलं, आणि म्हणाली, अक्षर फारच बारीक केलंत. बहुतेक गिऱ्हाइकं ते वाचतही नाहीत, सरळ आत येतात. एक-दोघांनी वाचलं आणि मग माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या होत्या, त्यांनी वाचलं, नवऱ्याच्या कानात काही बोलल्या, आणि मग दोघांनी दोन सूट शिवायला टाकले. काय बोलल्या ते मला कळलं नाही. मागच्या महिनाभरात मी एक शिकले, की कळत नाही त्याचा अर्थ लावत बसलं तर दुकान चालवता येत नाही. तुम्ही हे सगळं आयुष्यभर कसं केलंत, हे विचारायला हवं होतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, वाचायला कुणी नाही, म्हणून आईलाही न सांगितलेली एक गोष्ट लिहून ठेवते. गेल्या गुरुवारी दुपारी एक वयस्कर गृहस्थ आले. रिटायर्ड, साधे, खिशाला पेन. मुलीला डॉक्टरेट मिळणार होती, त्या समारंभाला घालायला आयुष्यातला पहिला कोट हवा होता. आत शिरल्यावर ते भिंतीपाशी थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, अगदी जवळ जाऊन तुमचं नाव वाचलं. बराच वेळ तिथेच उभे होते. मग काउंटरपाशी आले, माझ्याकडे बघितलं, आणि नेहमीच्या, मोकळ्या आवाजात म्हणाले, "जय भीम, मॅडम."

सोफ्यावर पामबीचच्या एक बाई बसल्या होत्या, नवरा ट्रायलरूममध्ये होता. मीही जय भीम म्हटलं, अण्णा. पण त्या बाईंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू.